पेनविल्ट: खाणवाल्यांचं गाव

"अगं, तिथे माणसंच राहत नाहीत, तर बघायचं काय?" बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरातून आई व्हिडिओ कॉलवर विचारत होती. मी ताईबरोबर वेल्समध्ये, स्वान्सीच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला, पेनविल्टमध्ये उभी होते. वारा असा की फोन धरवेना.

'टॉर्चवुड' मालिकेच्या २००६च्या एका भागाचं चित्रीकरण इथे झालं. त्यात गावाचं नाव वेगळं आहे आणि गावकरी वाटसरूंना मारून खातात. ताईकडे तो भाग पाहताना मी घाबरले होते. इथे आल्यावर मात्र मला गावाचीच बाजू घ्यावीशी वाटली. ही कष्टकऱ्यांची वस्ती होती. चुनखडी फोडायची, भट्टीत भाजून चुना करायचा. शिवाय सिलिकाच्या विटा. धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून त्यांचं अस्तर लागे, कारण तिथल्या धगीत साधी वीट टिकत नाही. चुन्याच्या भट्ट्या अजून उभ्या आहेत. एका भट्टीच्या काळवंडलेल्या दगडावर मी बराच वेळ हात ठेवून होते.

खाली दरीत क्रेग-अ-नोसचा वाडा आहे. ऑपेरा गायिका अडेलिना पाटीने तो १८७८मध्ये घेतला आणि १८९१मध्ये त्यात स्वतःचं नाट्यगृह उघडलं. आपला लक्ष्मी विलास राजवाडा पुरा झाला १८९०मध्ये, म्हणजे काळ तोच! पाटीसाठी इथल्या स्टेशनवर वेगळी प्रतीक्षालयाची खोली होती. खाणीची धूळ अंगावर घेऊन घरी निघालेले मजूर आणि रेशमी झग्यातली ती, एकाच फलाटावर! प्रवासी गाड्या १९६२मध्ये बंद झाल्या.

पॉवेल स्ट्रीट नावाची घरांची एक रांग मात्र जिवंत आहे. तिथे गुहांत उतरणाऱ्यांचा क्लब आहे. एका दाराशी चिखलाने माखलेले बूट वाळत होते. डोंगराच्या पोटात ओगोव्ह फनोन दी, म्हणजे 'काळ्या झऱ्याची गुहा', २७४ मीटर खोल, ब्रिटनमधली सर्वांत खोल. वर माणसांनी जी चुनखडी फोडली, तीच खाली पाण्याने कोरली.

आईला हे सगळं दाखवलं. ती पाटीपाशीच थांबली. "त्या बाईचं गाणं खाणीतल्या लोकांना कधी ऐकायला मिळालं का गं?"

गोरगरिबांच्या मदतीसाठी ती स्वान्सीत, नीथमध्ये गायची, एवढं मला ठाऊक होतं. तेवढं सांगितलं आणि फोन दरीकडे वळवला. आई कितीतरी वेळ काही बोलली नाही.