तुम्ही विचारलेत म्हणून: साकुरा पाहायला नेमके कधी जावे?

आम्ही पती-पत्नी वसंतात टोकियो, क्योटो, नारा आणि हिरोशिमा पाहून आल्यापासून जपानला निघालेली ओळखीतली मंडळी आम्हाला हटकून एकच प्रश्न विचारतात: चेरीचा बहर, म्हणजे साकुरा, हमखास मिळावा यासाठी तिकिटे कोणत्या तारखांची काढावीत?

हमखास अशी तारीख नाही. टोकियो आणि क्योटोत बहर साधारणपणे मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. परंतु हिवाळा कसा गेला आणि मार्च किती उबदार निघाला, यावर तो आठवडाभर मागेपुढे सरकतो. टोकियोत यासुकुनी मंदिराच्या आवारातील एका ठरावीक झाडावर पाच-सहा फुले उमललेली दिसली, की हवामान खाते बहर सुरू झाल्याचे जाहीर करते, आणि तेथून पूर्ण बहर यायला जेमतेम आठवडा लागतो. शहरांतली बहुतेक झाडे सोमेइ योशिनो या एकाच जातीची, तीही कलमे करून वाढवलेली असल्यामुळे ती एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. विमानाची तिकिटे मात्र आपण कित्येक महिने आधी काढून बसलेलो असतो.

म्हणून आमचे सांगणे असे, की मार्चचा शेवट आणि एप्रिलची सुरुवात दोन्ही पदरात पडतील असे दहा-बारा दिवस घ्यावेत, प्रवास टोकियोपासून सुरू करावा (तेथे फुले बहुधा क्योटोच्या दोन-एक दिवस आधी येतात) आणि झाडांवर फुले नसली तरी पाहण्यासारखे पुष्कळ उरेल अशीच शहरे निवडावीत.

टोकियोच्या उएनो उद्यानात आम्हाला फुलांइतकीच माणसे पाहाविशी वाटली. झाडांखाली निळ्या ताडपत्र्या अंथरलेल्या असतात. सायंकाळी येणाऱ्या सहकाऱ्यांसाठी कचेरीतील एखादा धाकटा कर्मचारी दिवसभर जागा धरून एकटाच बसलेला असतो, आणि मंडळी जमली की ताडपत्रीच्या कडेला बुटांची सरळ रांग लागते. क्योटोत आम्ही पोहोचलो तेव्हा बहर ओसरू लागला होता, याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. बिवा सरोवराचे पाणी आणणाऱ्या कालव्याच्या काठाने ‘तत्त्वज्ञाचा मार्ग’ नावाची पायवाट जाते. तेथे पाकळ्यांचा थर पाण्यावरून संथ सरकत होता, बांधाच्या दगडाशी अडून गोळा होत होता आणि मागून आलेल्या पाण्याने पुन्हा सुटत होता. माझ्या मते पूर्ण बहरापेक्षा फुले झडण्याचे हे दोन-तीन दिवस अधिक देखणे असतात; सौभाग्यवतींना हे अजूनही मान्य नाही.

नाऱ्याला मात्र फुले असोत वा नसोत, जावेच. तोदाइजी मंदिरातील सुमारे पंधरा मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा इ. स. 752 मध्ये झाला आणि मूर्तीचे डोळे रेखण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधलेला होता आणि जमलेल्या लोकांनी तो हाती धरला होता, म्हणजे डोळे जणू सर्वांनी मिळून रेखले. हिरोशिमात बाँबने उद्ध्वस्त झालेल्या घुमटाजवळ, मोतोयासु नदीच्या काठी, चेरीची झाडे आहेत आणि बहरात कुटुंबे तेथेही डबे उघडून बसतात. प्रथम ते खटकले. नदीकाठाने थोडे चालल्यावर खटकेनासे झाले.

शाकाहारी मंडळींनी एवढेच ध्यानात ठेवावे, की साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. देवळांतील भिक्षूंच्या पद्धतीचे जेवण मात्र पूर्ण शाकाहारी असते. ते महाग असले तरी एकदा घ्यावे.

राहता राहिले ते, ज्यांना मुलांच्या वार्षिक परीक्षांमुळे एप्रिलच्या मध्याआधी निघताच येत नाही. त्यांनी क्योटोतील निन्नाजी मंदिराची उशिरा फुलणारी बुटकी झाडे गाठावीत. तेथे फुले मान वर न करता डोळ्यांसमोर दिसतात. तीही हुकली, तर उत्तरेकडे हिरोसाकीच्या किल्ल्यात एप्रिलच्या उत्तरार्धात बहर असतो. फक्त 29 एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोकांच्या स्वतःच्या सुट्ट्या लागून येतात आणि आगगाड्या व हॉटेले भरून जातात, तेव्हा परतीचे तिकीट त्याआधीचे काढावे.