आमची वाटचाल : तासगावचा बेदाणा आणि सांतोरिनीची कानावा

आमच्या कानावाच्या, म्हणजे वाइन करायच्या गुहेच्या दारावर 2004 असं कोरलंय. मला विचाराल तर तिथं 2015 हवं. त्या ऑगस्टात आम्ही बुडता बुडता वाचलो, आणि कोणामुळे वाचलो हे आजवर कुठं छापून आलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी तासगावची. वडिलांची चार एकर थॉमसन द्राक्षं, निम्मा माल बेदाण्याला. वाइन शिकायला फ्रान्सला गेले आणि तिथं भेटलेल्या ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटावरच्या मुलाशी लग्न केलं. सासरची कानावा मेगालोखोरी गावात, ज्वालामुखीच्या राखेच्या थरात खणलेली. 9 जुलै 1956 च्या भूकंपात तिचा पुढचा भाग कोसळला आणि आजेसासरे सगळा संसार घेऊन अथेन्सला गेले. जवळजवळ पन्नास वर्षांनी आम्ही दोघांनी ती उपसली, तेव्हा आत फळ्या सुटलेली तीन पिंपं आणि पातितिरी होती. द्राक्षं तुडवायचा हा दगडी हौद. रस बाहेर पडायच्या तोंडाशी दगड इतका झिजलाय, की तिथं बोट ठेवलं तर लोण्यावर ठेवल्यासारखं वाटतं.

बाग शिकवली बार्बांनी. इथं वडीलधाऱ्या माणसाला बार्बा म्हणतात, आपल्याकडे अण्णा म्हणतात तसं. त्यांची आठ स्त्रेमा, म्हणजे आपली दोन एकर. पहिल्या दिवशी मी विचारलं, मांडव कुठाय, ठिबक कुठाय? त्यांनी उत्तर न देता हातात चाकू दिला. बाकदार पातं, ऑलिव्हच्या लाकडाची मूठ, अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. इथं काड्या गोल गोल विणून जमिनीलगत टोपलं करतात, त्याला कुलूरा म्हणतात. घड आत लोंबतात, म्हणून उन्हाळ्यातल्या मेल्तेमी वाऱ्यानं मार खात नाहीत. पाऊस तासगावपेक्षाही कमी. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा राखेत आणि प्यूमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडात मुरतो, वेल त्यावर जगते. आपल्याकडच्यासारखा डॉगरिजचा खुंट नाही, कलम नाही. या जमिनीत चिकणमाती नसल्यासारखीच, त्यामुळे युरोपभरच्या बागा खाऊन टाकणारा फायलोक्सेरा हा मुळांवरचा किडा इथं टिकला नाही. टोपलं सत्तर-ऐंशी वर्षांचं झालं की बुंधा कापतात आणि त्याच मुळावर नवी काडी धरतात.

वाकवण्याआधी बार्बा काडी तळहातात दोनदा पिळून घेत, आतले धागे सैल होईपर्यंत. न पिळता वाकवली की तडकते. मला ते जमायला तीन हिवाळे लागले. नव्या बागायतदारांना सांगते, बॅटरीची कात्री सावकाश घ्या, आधी काडीतली ओल हाताला कळू द्या.

29 जून 2015 ला, कर्जसंकटात, ग्रीसमधल्या बँका उघडल्याच नाहीत. एटीएममधून दिवसाला 60 युरो. आमच्या बाटल्या आणि बुचं परदेशातून येत. पुरवठादारांना पैसे आगाऊ हवे होते आणि परदेशी पैसे पाठवायला मंजुरी लागत होती. बाटल्या नाहीत म्हणून टाक्या रिकाम्या होईनात, आणि तोडणी आली पंधरा दिवसांवर.

तेवढ्यात बेटावरच्या एका मोठ्या वायनरीचा माणूस आम्हाला माल देणाऱ्या सहा शेतकऱ्यांच्या दारी गेला. जागेवर रोख. पाच जण गेले. त्यांना मी दोष देत नाही, घरात पोरंबाळं होती. पण त्या वायनरीच्या मालकानं महिन्यापूर्वी आमच्याच अंगणात जेवता जेवता कोणाचा माल किती, हे आमच्याकडून काढून घेतलं होतं. हे मी विसरलेले नाही. पुढं त्यांनी एका पर्यटन मासिकात छापून आणलं, की संकटाच्या वर्षी शेतकऱ्यांना आम्हीच सावरलं. शेजारी आमच्या दाराचा फोटो, खाली ओळ : बंद पडलेली एक जुनी कानावा. आम्ही तेव्हा आत काम करत होतो.

सहावे बार्बा. मी त्यांना म्हटलं, पैसे कधी देता येतील सांगता येत नाही. ते म्हणाले, "मी विचारलं का, पोरी?"

त्या रात्री तासगावला फोन केला. बाबा म्हणाले, "भाव पडला की आपण काय करतो? माल वाळवतो." तिथंच सुटका दिसली. विनसांतो! उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, किमान दोन वर्षं पिंपात. त्या साली एकही बाटली लागणार नव्हती.

दीड टन माल. निम्म्याहून अधिक आसिर्तिको जातीची द्राक्षं हवीतच, 51 टक्क्यांचा नियम आहे. बाकी आयदानी आणि आथिरी या जाती. माझ्या डोक्यात बेदाण्याचं गणित, म्हणून माल लवकर वाळावा यासाठी मी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवायचं सुचवलं. बार्बा भडकले. साल फोडायची नाही! शेड नाही, सावली नाही, थेट उन्हात तेरा दिवस, मधे एकदा घड पलटायचे. वास मात्र अगदी आमच्या बेदाण्याच्या रॅकचा. मग 1956 नंतर पहिल्यांदा त्या पातितिरीत पाय पडले. रसाची धार मधासारखी, तुटेचना. हाती आले 280 लिटर. पिंपं बार्बांनी स्वतःची दिली.

पुढची दोन वर्षं नवऱ्यानं हॉटेलची व्हॅन चालवली. त्यात 1 जानेवारी 2016 पासून वाइनवर लिटरमागे 20 सेंट अबकारी आली. रक्कम झेपली असती, पण तिच्या नोंदींच्या रजिस्टरांनी आम्हा छोट्यांचा जीव काढला. तीन वर्षांनी ती उठली. 2019 मध्ये पिंपं उघडली, अर्ध्या बाटलीच्या मापात 640 भरल्या. बार्बांना पैसे द्यायला गेले तर त्यांनी चढलेला भाव घेतला नाही. "2015 चा माल, 2015 चा भाव." आमचं तेवढं एकच भांडण झालं.

त्यानंतरचं बरं चाललंय. नाशिक-सांगलीकडे छोटी वायनरी काढणाऱ्यांना सांगते, बाटल्यांचा पुरवठादार एकच ठेवू नका, टेस्टिंग रूमआधी पिंपं घ्या, आणि तुमचे शेतकरी कोण, हे जेवणाच्या टेबलावर बोलू नका.

बार्बा आता नाहीत. बाग आम्ही कसतो, चाकू माझ्याकडे आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये भूकंपाचे धक्के थांबेनात, शाळा बंद झाल्या, हजारो लोक बोटी धरून गेले. ऐन छाटणीचे दिवस होते आणि बार्बांची तीन स्त्रेमा विणायची राहिली होती. आम्ही दोघं राहिलो. धक्का आला की बांधावरचे दगड घरंगळायचे. मी हातातली काडी धरून थांबायची, जमीन शांत झाली की पुन्हा दोनदा पिळून घ्यायची.