तळहातावरचे डाग

पुण्यातील एका स्वयंसेवी संस्थेच्या लैंगिक आरोग्य केंद्रात मी समुपदेशक आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक जण समलिंगी किंवा उभयलिंगी पुरुष असतात. त्यांतले काही विवाहित असतात आणि काहींनी तर हे आयुष्यात कोणाजवळही उच्चारलेले नसते. येथे सांगते आहे त्या तरुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

तो सोमवारी दुपारी आला. शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या एका पुरुषाशी त्याचा कंडोमशिवाय संबंध आला होता. शनिवारी त्याने ऑनलाइन मागवून ठेवलेल्या किटवर एचआयव्हीची चाचणी केली आणि निकाल निगेटिव्ह आला. "मॅडम, फक्त कन्फर्म करायचंय," असे तो म्हणाला. घाबरून आलेल्या माणसाला शांत करण्याची मला सवय आहे. पण हा पूर्ण शांत होता, आणि मला नेमकी त्याच शांतपणाची भीती वाटली. रक्तातली प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत संसर्ग दिसायला काही आठवडे जावे लागतात. शनिवारच्या निकालावरून शुक्रवारच्या रात्रीबद्दल काहीही कळत नव्हते.

कंडोम का वापरला नाही, असे विचारल्यावर त्याने दोन कारणे सांगितली. पहिले असे, की समोरच्याने आपण प्रेपच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या औषधाच्या, दोन गोळ्या घेतल्याचे सांगितले होते आणि तशा गोळ्यांविषयीचे रील यानेही पाहिले होते. पुरुषांसाठी गरजेपुरते प्रेप घेण्याची ही पद्धत खरी आहे आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यताही दिली आहे. मात्र त्या दोन गोळ्या संबंधाच्या किमान 2 तास आधी घ्यायच्या असतात. नंतर 24 तासांनी एक आणि 48 तासांनी आणखी एक घ्यावी लागते. अर्ध्या मिनिटाच्या रीलमधून त्याच्या लक्षात राहिल्या होत्या त्या पहिल्या दोन, आणि समोरच्याने त्याही कपडे काढता काढता गिळल्या होत्या.

दुसरे कारण त्याने सांगितले नाही, मला ते विचारावे लागले. आमच्या फॉर्ममध्ये जोडीदारांची संख्या, कंडोमचा वापर, व्यसने अशा सगळ्यांचे रकाने आहेत. हा माणूस काय पाहून हे सारे शिकला, यासाठी मात्र रकाना नाही. मी विचारले, "तुम्ही पॉर्न पाहता त्यात कंडोम असतो का?" तो आधी चांगलाच ओशाळला, मग थोडा विचार करून म्हणाला, "जुन्या व्हिडिओंत असायचा. आता नाही दिसत." शाळेत त्या विषयाचे पान शिक्षकांनी उलटून टाकले होते आणि घरी बोलण्याचा प्रश्नच नव्हता. दोन पुरुषांमधला संबंध कसा असतो, हे त्याला केवळ पडद्याने शिकवले होते.

मी कोणालाही पॉर्न पाहू नका असे सांगत नाही. तसे सांगून कोणी ऐकल्याचे मला आठवत नाही. मी सांगते ते कॅमेऱ्याबाहेर काय घडते याविषयी. व्यावसायिक चित्रीकरणातील अनेक कलाकार प्रेपवर असतात, त्यांच्या ठरावीक मुदतीने चाचण्या होतात, तयारीसाठी वेळ दिलेला असतो आणि वंगण वारंवार लावले जाते. संकलनात यातले काहीच उरत नाही. पाहणाऱ्याला वाटते की हे सारे विनाविलंब, विनावेदना आणि विनाप्रश्न होत असते. मग घरी खोबरेल तेल वापरले जाते आणि तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटतो, हे फाटल्यावर कळते. कंडोमविरहित पॉर्न अधिक पाहणे आणि स्वतः कंडोम टाळणे यांचा संबंध अमेरिकेतील सर्वेक्षणांत आढळला आहे. पण पाहण्यामुळे वागणे बदलते, की मुळात तशी आवड असलेले तसेच पाहतात, हे एका वेळच्या पाहणीतून ठरत नाही. माझ्या खुर्चीतून मला दोन्ही प्रकारची माणसे दिसतात. हा मात्र पहिल्या प्रकारचा होता. त्याने दुसरे काही पाहिलेच नव्हते.

बोलता बोलता त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि मला त्याच्या तळहातावरचे तांबूस डाग दिसले. "हे फंगल आहे. यूट्यूबवर बघून मलम लावतोय," तो म्हणाला. डाग तळपायांवरही होते. तळहात आणि तळपाय दोन्हींवर न खाजणारे पुरळ दिसले की आमच्या केंद्रात सगळ्यात आधी सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजाराचा विचार होतो. त्याची पहिली जखम दुखत नाही, आणि गुदद्वारात असेल तर दिसतही नाही. जलद चाचणी रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आली. पुढे आरपीआर या सिफिलिसच्या रक्तचाचणीचा अहवाल 1:64, म्हणजे बराच जास्त आला.

म्हणजे तो ज्या रात्रीसाठी आला होता, त्याच्या कित्येक आठवडे आधीचा एक आजार तो मलमाखाली झाकून फिरत होता. आता प्रश्न दोन होते आणि त्यांपैकी एकाला मुदत होती. पेप, म्हणजे धोक्याच्या संबंधानंतर एचआयव्ही रोखण्यासाठी घ्यायचे औषध, 72 तासांच्या आत सुरू करावे लागते आणि जितके लवकर तितके चांगले. त्याचे 61 तास उलटून गेले होते. आमच्या डॉक्टरांनी आधी एचआयव्हीची आणि हिपॅटायटिस बीची चाचणी केली, मग टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी रोज एक याप्रमाणे 28 दिवसांसाठी लिहून दिली आणि पहिली गोळी समोरच घ्यायला लावली. सिफिलिससाठी बेन्झाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिट कमरेत दिले गेले. ते इंजेक्शन फार दुखते. तेव्हा मात्र त्याचा शांतपणा गेला.

सर्वांत अवघड काम त्यानंतरचे होते. गेल्या काही महिन्यांतील जोडीदारांना कळवायचे, तर त्याच्याकडे कोणाचेही नाव नव्हते, फक्त प्रोफाइल होत्या. काहींनी त्याला ब्लॉक केले होते, काहींची खाती बंद झाली होती. जे उरले त्यांच्यासाठी आम्ही दोघांनी बसून मजकूर लिहिला: मला सिफिलिस निघाला आहे, तुम्हीही तपासून घ्या, उपचार सोपा आहे, केंद्राचा पत्ता सोबत आहे. एकाने शिव्या दिल्या. शुक्रवारच्या त्या पुरुषाने आधी उत्तरच दिले नाही. दोन दिवसांनी केंद्रात फोन करून त्याने एवढेच विचारले, की तपासणीला आधार कार्ड लागते का. लागत नाही, असे मी सांगितले आणि त्याला दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ दिली.