उद्या ट्रायल

शुक्रवार, रात्रीचे पावणेअकरा

केस अजून ओलेच आहेत. मेकअपवाल्या ताईंनी फोनवर बजावलं होतं, केस आदल्या दिवशी धुवायचे, त्या दिवशी सकाळी नाही, आणि तेलाचा थेंबसुद्धा नको. ताजे धुतलेले केस निसरडे असतात, आकडे सरकतात आणि अंबाडा तासाभरात मानेवर येतो. आईला हे काही पटलेलं नाही. लग्न ठरलेल्या मुलीच्या डोक्याला तेल नाही म्हणजे तिच्या लेखी घरातच काहीतरी चुकतंय. मी गप्प बसले. उद्या वेगळ्याच गोष्टीवरून वाजणार आहे, आजच दम कशाला घालवायचा?

लग्नाच्या मेकअपची ट्रायल अकराला, कर्वे रोडवर. लग्नाला अजून पाच आठवडे आहेत. पलंगावर पिशवी उघडी पडली आहे. मुंडावळ्या, नथ, चंद्रकोरी, अष्टपुत्रीच्या ब्लाउजचं उरलेलं पिवळं कापड. पुढून बटणं असलेला शर्ट इस्त्री करून ठेवलाय, कारण डोक्यावरून काढायचा टॉप घातला तर केलेली केशरचना घरी येऊन आपणच मोडायची. आणि सगळ्यात वर, पाकिटात, साखरपुड्याचा फोटो.

त्या फोटोसाठीच हे सगळं चाललंय म्हटलं तरी चालेल. अंगठी घालतानाचा क्षण, दोघांचे हात पुढे, मागे माझा चेहरा. हात माझे आहेत. तोंड कुणाचं ते सांगता येत नाही. पांढरंफटक, कपाळ तर चुन्यासारखं, आणि हनुवटीखाली जिथे मान सुरू होते तिथे सरळ रेघ. त्या दिवशी सगळे म्हणाले, "काय गोड दिसतेयस!" मीही हसले. अल्बम हातात आला तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितेय.

नंतर शांतपणे वाचलं, विचारलं, तेव्हा कळलं की निम्मा दोष माझाही होता. फाउंडेशन दोन शेड उजळ लावलं, ती त्या पार्लरची करामत. पण मीही सकाळी निघताना चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन थापून गेले होते. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड प्रकाश परत फेकते, उन्हात तेच तिचं काम. फ्लॅश पडला की ती कॅमेऱ्याकडेही फेकते. आरशात बरा दिसणारा चेहरा फोटोत पिठासारखा दिसतो तो असा. सिलिकाच्या पावडरीचंही तेच, जास्त झाली की डोळ्यांखाली पांढरे चंद्र उगवतात. म्हणून उद्या सनस्क्रीन न लावता जायचं, स्कूटरवर न बसता रिक्षाने, आणि मेकअप झाल्यावर भावाला फ्लॅश लावून फोटो काढायला सांगायचे. मग गॅलरीत उभं राहून उजेडातले. पार्लरच्या आरशाभोवतीच्या दिव्यांत कुणीही सुंदर दिसतं, त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

फाउंडेशन मनगटावर बघायचं नाही, जबड्याच्या कडेला बघायचं, म्हणजे मानेशी जुळतं की नाही ते कळतं. पिवळं कापड त्यासाठीच घेतलंय. पिवळा रंग चेहऱ्याजवळ आला की चुकीची शेड लगेच राखाडी दिसते. कानामागे थोडं लावून दोन दिवस बघून झालंय, खाज वगैरे काही नाही.

मी सावळी आहे. बघण्याच्या कार्यक्रमांत माझं वर्णन कायम एकाच वाक्यात व्हायचं, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." त्या 'पण'चा मला लहानपणापासून राग. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. पंचेचाळीस वर्षं लागली एक शब्द काढायला. आमच्या घरातला 'उजळ' अजून जागचा हललेला नाही. आई परवाच म्हणाली, "अगदी गोरी नको गं, पण लग्नात जरा उजळ दिसलेलं बरं." ती हे वाईट बुद्धीने बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे.

म्हणून मी ताईंना सांगायचं वाक्य घोकतेय. "जास्त गोरं करू नका" हे पहिलं. पण त्यात 'जास्त' आहे, म्हणजे थोडं चालेल. "नॅचरल लुक हवाय" हे सगळ्याच मुली म्हणतात, त्याचा अर्थ कुणालाच माहीत नाही. "माझ्या स्किन टोनला मॅच करा" म्हणताना मी आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलल्यासारखी वाटते. आज आरशासमोर म्हणून बघितलं, "ताई, माझा रंग आहे तोच ठेवा." धाकट्याने दारातून ऐकलं आणि म्हणाला, "घराला रंग देतायत का तुला?"

नथ आजीची आहे, बसरा मोत्यांची. माझं नाक टोचलेलं नाही म्हणून लक्ष्मी रोडवरच्या सोनाराकडून तिला दाब बसवून आणला. तो असा घट्ट बसतो की दहा मिनिटांत नाकपुडी लाल होते आणि डोळ्यांत पाणी येतं. काल घालून चहा प्यायले तर खालचा मोती सरळ कपात. शिवाय तो वरच्या ओठाला टेकतो, म्हणजे लिपस्टिक पुसट न होणारी हवी. हे ट्रायललाच कळायला हवं, म्हणून नथ घालूनच लिपस्टिक लावायला सांगणार आहे. मुंडावळ्यांचंही तसंच. तुळशीबागेतून घेतल्या, दुकानदाराने पन्नास जोड्या काढून दाखवल्या आणि मी पहिलीच घेतली. पण त्यांची गाठ मागे जिथे येते, बरोबर तिथेच खोप्याची सुरुवात होते. आधी खोपा की आधी गाठ, हे त्या दिवशी पहाटे साडेचारला ठरवायचं नाहीये.

गजऱ्यासाठी वनाजहून मेट्रोने मंडईला जाऊन आले. सिव्हिल कोर्टला बदलायची, पार्किंग शोधण्यापेक्षा हे परवडतं. मोगरा मागितला तर फुलवाल्या मावशी माझ्याकडे बघून हसल्या. "मोगरा उन्हाळ्याचा गं. आता आहे तो सोन्याच्या भावाचा. काकडा घे, नाहीतर कुंदा." माझ्या डोक्यात गेलं वर्षभर मोगराच होता, फोटोंत सगळीकडे मोगराच दिसतो ना. काकड्याचा हातभर गजरा घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलाय, कोथिंबिरीशेजारी. उद्या अंबाड्यावर माळून त्याचं वजन बघायचं. आई म्हणते तिच्या लग्नात गंगावन लावलं होतं आणि त्यावर गजरे, तेव्हा दुसऱ्या दिवशीसुद्धा मान दुखत होती.

मला खरी भीती होमाच्या धुराची होती. लाजाहोमाला भाऊ ओंजळीत लाह्या घालणार, धूर तोंडावर, त्यात मी तशीही रडणारच. काजळ टिकलं नाही तर सप्तपदीला वाघोबा चालतोय असं दिसायचं. म्हणून आज संध्याकाळी डोळ्यांत माझं नेहमीचं काजळ घातलं आणि आईने धुपाटण्यात धूप घालून समोर धरलं. धाकटा पंख्याऐवजी वर्तमानपत्र घेऊन वारा घालायला बसला. पाच मिनिटांत मी खोकतेय, आई हसतेय, शेजारच्या काकू "काय जळतंय?" म्हणून दारात. काजळ गालापर्यंत आलं. ते बाद.

मघाशी आई खोलीत आली. पिशवी तपासायला आलेय असं म्हणाली, पण हातात तिचा लग्नाचा अल्बम होता. सुनमुखाचा फोटो काढून माझ्या पुढ्यात ठेवला. आरशात सासूबाई आणि ती. वाड्यातल्या कुणा मावशींनी तिला नटवलं होतं, चेहरा पावडरीने पांढरा आणि हिरवा चुडा घातलेले हात तिचे, माझ्याच रंगाचे. मी इतक्या वेळा बघितलाय हा फोटो, हात कधी बघितले नव्हते. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग फोटो अल्बममधून सोडवायला लागली, जुन्या डिंकाने तो चिकटला होता, एक कोपरा फाटला.

"हाही ने. असं करू नका म्हणून दाखव तिला," म्हणाली. दारापर्यंत जाऊन परत वळली. "पण लिपस्टिक लालच हं."

मला विटकरी हवी आहे. ते उद्या रिक्षात बघू.