कार्बन पॅनेलवरची तांब्याची जाळी पुन्हा जोडताना

विमानाच्या पंखाच्या टोकाच्या कार्बन पॅनेलवर, म्हणजे रेझिनने चिकटवलेल्या कार्बन धाग्यांच्या थरांवर, वीज लागलेली खूण रुपयाच्या नाण्याएवढी होती. रंग करपलेला, तांब्याची जाळी वितळून उडालेली, खाली धाग्यांचे झुपके. आधी नाण्याने ठोकून आवाज ऐकला, मग अल्ट्रासोनिकने हद्द आखली. थर सुटलेला भाग दिसणाऱ्या खुणेपेक्षा बराच मोठा निघाला. कार्बन वीज वाहतो, पण ॲल्युमिनियमच्या मानाने सुमारे हजार पटींनी कमी. त्यामुळे तो तापतो, रेझिनचा वायू होतो आणि थर आतून फाटतात. पंखाच्या टोकासाठी प्रमाणित चाचणीतला पहिला झटका २,००,००० अँपिअरचा असतो. तो खोल शिरण्याआधी आडवा पसरवणे हेच जाळीचे काम.

रंग काढायला रसायन वापरले नाही, ते रेझिनही खाते. १५० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०, आणि तांबे चमकू लागताच हात थांबवायचा. मशीन वापरली तर जाळी क्षणात जाते. भोवतीची २५ मिमी पट्टी अशी उघडी केली, कारण नवी जाळी जुनीवर तेवढी चढवायची होती. सुटलेले थर काढून प्रत्येक थरामागे १२ मिमीची पायरी ठेवली, नवे तुकडे मूळ धाग्यांच्याच दिशेने बसवले. त्याआधी पॅनेल मंद आचेवर सुकवले. आत ओल राहिली की क्युअरिंगमध्ये, म्हणजे रेझिन तापवून घट्ट करताना, वाफ होते आणि चिकट थरात बुडबुडे पडतात.

मूळ जाळी १९५ ग्रॅम प्रति चौरस मीटरची होती. ७३ ग्रॅमची हलकी जाळीही मिळते, पण टोकाला ती लावणे चूक. ॲल्युमिनियमची जाळी असती तर मध्ये काचेच्या कापडाचा थर लागला असता, नाहीतर कार्बनच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम गंजते.

दुरुस्ती बहुतेक बिघडते ती जोडपट्टीत, म्हणजे नवी जाळी जुनीवर चढते तिथे. दोन जाळ्यांमध्ये रेझिनचा पातळ पापुद्रा राहिला तरी तिथे ठिणगी उडते. म्हणून सरफेसिंग फिल्म, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत करणारा रेझिनचा पातळ थर, जाळीच्या वरच ठेवली, पट्टीखाली नाही. सॉल्व्हंटने पुसल्यावर हातमोज्यांशिवाय कोणी हात लावला नाही. जाळीला सुरकुती पडली तर ती दाबून बसवू नये, नवा तुकडा कापावा.

हवा ओढून दाब देणारी व्हॅक्यूम बॅग आणि तापवणारे हीट ब्लँकेट लावून मिनिटाला २ अंशांनी १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढलो. पॅनेलखालची आधाराची फासळी उष्णता ओढते, म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) चहूबाजूंनी लावले. वेळ सर्वांत थंड थर्मोकपलवरून मोजायची, मर्यादा सर्वांत गरम थर्मोकपलवरून पाळायची.

शेवटी अगदी कमी रोध मोजणाऱ्या चार तारांच्या मिलीओहममीटरने जोडाचा रोध मोजला. दोनच तारांनी मोजले तर तारेचा स्वतःचा रोध आकड्यात मिसळतो. शेजारच्या धड भागात तेवढ्याच अंतरावर मोजून तुलना केली. एका बाजूचा आकडा वर होता, तिथे जुन्या प्रायमरचा अंश राहिला होता. ती कड पुन्हा उघडली, घासली, जाळी नव्याने चढवली. त्यानंतर आकडे जुळले.

रंग पातळच दिला. जाड रंग विजेचा पाय, म्हणजे ती टेकते ती जागा, एकाच ठिकाणी रोवून धरतो, आणि मग जाळी असूनही भोक पडते. जुन्या रंगावर नवा हात चढवायचा मोहही म्हणूनच टाळला.