टपालावरची ‘डिप्लोमसी’: चौथा अंक पोस्टात, १९०१ साल संपलं

‘डिप्लोमसी’ हा युरोपच्या नकाशावरचा पटखेळ, सात खेळाडू आणि प्रत्येकाचा एक देश. आम्ही तो टपालाने खेळतो आणि निकाल मी एका पत्रकातून कळवतो. काल संध्याकाळी त्याच्या चौथ्या अंकाची सात पाकिटं पेटीत टाकली आणि आमच्या डावातलं पहिलं वर्ष संपलं. नकाशावरच्या एका वर्षाला आपले साडेतीन महिने लागले. फ्रान्स पुण्यात राहतो, जर्मनी नागपूरला, इंग्लंड अकोल्याला, रशिया सांगलीत, तुर्कस्तान नाशकात, इटली बेळगावला आणि ऑस्ट्रिया कुडाळला. मी पंच आणि संपादक. हुकूम माझ्याकडे येतात, निकाल अंकातून जातो.

टेबलावर हा खेळ खेळायचा तर सात माणसं आणि अख्खा दिवस हवा, आणि घोडं तिथेच अडतं. टपालावर मात्र तो चपखल बसतो, कारण यात फासे नाहीत आणि पाळीही नाही. सगळ्यांनी हुकूम गुपचूप लिहायचे, ते एकदम उघडायचे, आणि मधल्या दिवसांत एकमेकांना पत्रं लिहून तह करायचे किंवा मोडायचे. खेळाचा जनक ॲलन कॅलहॅमर याने १९५९ मध्ये स्वतःच्या खर्चाने या खेळाचे ५०० संच काढले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमनने ‘ग्राउस्टार्क’ नावाचं पत्रक काढून टपालावर डाव सुरू केले. आणि कॅलहॅमरने पुढे इलिनॉयमध्ये पोस्टमनची नोकरी केली, ही गोष्ट मला फार आवडते.

पहिल्या अंकाचा निम्मा वेळ शब्द ठरवण्यात गेला. सैन्याला ‘सै’, आरमाराला ‘आ’. एकाने दुसऱ्याच्या चालीला जोर द्यायचा ते ‘पाठबळ’. दोघं एकाच जागी सारख्या ताकदीने घुसले तर ‘टक्कर’, आणि मग दोघंही जागच्या जागी. ‘सप्लाय सेंटर’ म्हणजे ज्या जागा ताब्यात घेण्यासाठी सगळी धडपड चालते त्या. त्यांच्यासाठी मी ‘रसदकेंद्र’ सुचवलं होतं, पण फ्रान्सने पहिल्याच पत्रात ‘ठाणं’ लिहिलं आणि तेच रुळलं. ३४ ठाणी, १८ मिळवणारा जिंकला. हे वाक्य मराठीत वाचताना जो आनंद होतो तो इंग्रजी नियमावली वाचताना कधी झाला नव्हता.

पण शब्दांनीच आम्हाला पहिला फटका दिला. नकाशावरच्या वर्षात चालींच्या दोन फेऱ्या असतात, वसंत आणि शरद. वसंत १९०१ साठी इंग्लंडचं कार्ड आलं, त्यावर सुबक अक्षरात तीन ओळी:

आ लंडन – नॉ. समुद्र
आ एडिंबरा – नॉ. समुद्र
सै लिव्हरपूल – एडिंबरा

लंडनला ‘नॉ.’ने सुरू होणारा एकच समुद्र लागून आहे, नॉर्थ सी, त्यामुळे पहिल्या ओळीला एकच अर्थ. एडिंबराहून मात्र नॉर्थ सी आणि नॉर्वेजियन सी दोन्हीकडे वाट आहे. नियम सांगतो की हुकूम कितीही वेडावाकडा लिहिलेला असो, त्यातून एकच अर्थ निघत असेल तर तो पाळायचा. इथे दोन निघत होते. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं, हा खेळ खेळलेल्या कुणालाही कळलं असतं. तासभर कार्ड हातात घेऊन बसलो. फोन करून विचारता आलं असतं, पण मग उरलेल्या सहा जणांनाही त्यांच्या मनातलं विचारावं लागलं असतं. शेवटी आरमार एडिंबरालाच ठेवलं, आणि ते हललं नाही म्हणून लिव्हरपूलचं सैन्यही अडकलं. एका ‘नॉ.’पायी दोन चाली वाया.

चूक माझीच होती. पहिल्या अंकात मी ‘समजेल असं संक्षिप्त रूप चालेल’ असं छापलं होतं. तिसऱ्या अंकापासून नकाशावरच्या ७५ जागांची मराठी नावं देतो आहे: उत्तर समुद्र, नॉर्वे समुद्र, लिव्हरपूलला ‘लिव्हर’, लिव्होनियाला ‘लिव्हो’. कुणी पत्रक सुरू करणार असाल तर ही यादी आधी करा, बाकी सगळं नंतर.

शरद १९०१ चे हुकूम उघडले तो दिवस मी विसरणार नाही. नकाशा जमिनीवर पसरला, सैन्याला चिंचोके, आरमाराला कवड्या. बेल्जियमवर फ्रान्स पिकार्डीतून चालून आला, बर्गंडीचं पाठबळ घेऊन. जर्मनी रूरमधून, हॉलंडच्या आरमाराचं पाठबळ घेऊन. दोनास दोन. आता सगळं उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या कवडीवर. ती ज्याच्या बाजूने, बेल्जियम त्याचं. त्याचं कार्ड मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘आ उत्तर समुद्र – नॉर्वे’. दोघांची टक्कर, बेल्जियम रिकामं, आणि इंग्लंडला नॉर्वेचं ठाणं. नंतर फ्रान्स आणि जर्मनी दोघांनीही आपापलं निळं अंतर्देशीय पत्र छापायला पाठवलं. दोन्हींत इंग्लंडने पाठबळाचा शब्द दिला होता, तोही जवळपास त्याच वाक्यांत! चौथ्या अंकात दोन्ही शेजारी शेजारी छापली आहेत.

इटलीचं कार्ड त्या वेळी मुदतीनंतर दोन दिवसांनी आलं. हुकूम नाही म्हणजे सगळं जागच्या जागी, त्यामुळे आयोनियन समुद्रातलं आरमार हललं नाही आणि ट्युनिस हातचं गेलं. म्हणून आता वसंताच्या हुकमांसोबतच शरदाचे राखीव हुकूमही मागवतो. नवे आले तर जुने रद्द.

खर्चाचं थोडक्यात: ए-फोरचा कागद ५ ग्रॅमचा, तीन कागद आणि पातळ पाकीट २० ग्रॅमच्या आत बसतं, ५ रुपयांचं तिकीट पुरतं. दुसऱ्या अंकात चौथा कागद घातला, वजन केलं नाही, आणि सातही पाकिटं नॉटपेड झाली. दंड खेळाडूंनी भरला. त्यांना ते पैसे तिकिटांच्या रूपाने परत केले आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आता कायमचा माझ्या टेबलावर आहे.

शरदानंतर हिवाळ्यात, वाढलेल्या प्रत्येक ठाण्यामागे एक नवं सैन्य किंवा आरमार मिळतं. जर्मनीने दोन सैन्यं उभी केली, हॉलंड आणि डेन्मार्कच्या जोरावर. फ्रान्सला एकच ठाणं मिळालं, पोर्तुगाल. त्यावर त्याने नवं सैन्य घेतलं नाही, ब्रेस्टला आरमार बांधलं. ब्रेस्टसमोर इंग्लिश खाडी आहे. अकोल्याचं पाकीट बहुतेक परवा पोचेल.