आगळाने खाल्लेला टोप

मे महिन्यात आईने डिचोलीहून यंदाचं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस, पाठवलं. बाटल्या धुऊन उन्हात ठेवल्या होत्या, म्हणून रात्रीपुरतं ते ॲल्युमिनियमच्या जुन्या टोपात ओतलं. स्टीलचा डाव आतच राहिला. सकाळी मुलांना घेऊन माहेरी जायच्या गडबडीत टोप ओट्याच्या कोपऱ्यात तसाच विसरला, तो पंधरा दिवस.

परत आले तर ओट्यावर लाल ओघळ वाळलेला. टोप उजेडाकडे धरला. बुडाशी पाच-सहा बारीक भोकं, सुई टोचल्यासारखी, आणि भोवती पांढुरका भुगा. गंमत म्हणजे सगळी भोकं डाव टेकला होता तिथेच! डाव मात्र लखलखीत. आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, आगळ काचेच्या नाहीतर चिनीमातीच्या बरणीत ठेवतात, एवढंही शिकवायचं राहिलं का माझं?"

शाळेत पाठ केलेल्या धातूंच्या क्रियाशीलतेच्या यादीत ॲल्युमिनियम लोखंडाच्या बरंच वर. म्हणजे खरं तर त्याने लोखंडाआधी संपायला हवं. पण हवा लागताच त्याच्या अंगावर ऑक्साइडचा थर धरतो, काही नॅनोमीटर जाडीचा, आणि त्या चिलखताच्या जोरावर टोप वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या आगळात कोकमाचं आम्ल होतंच, वर मूठ मूठ मीठ. आम्लाने थर विरघळला, मिठातल्या क्लोराइडने तो जागोजागी फोडला. त्यात डाव टेकलेला. खारट पाण्यात दोन वेगळे धातू चिकटून ठेवले की ती चक्क बॅटरीच. त्यात जास्त क्रियाशील असलेला झिजतो, दुसरा मजेत राहतो.

तांब्याचं तसं नाही. खिळा व्हिनेगरमध्ये टाकला तर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, तांब्याच्या तारेवर येत नाहीत, कारण यादीत तांबं हायड्रोजनच्या खाली. मग कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक का कळकतं? पितळेत तांबं असतंच, आणि हवेतला ऑक्सिजन आम्लाच्या मदतीला येतो. क्षार ताकात उतरतात, चव बिघडते आणि पोटही. आजीच्या घरी म्हणूनच पितळी पातेल्यांना दरवर्षी कल्हई व्हायची. कथील 232 अंशांनाच वितळतं, त्यामुळे कल्हईवाल्याची भट्टी, नवसागराचा धूर आणि कापसाचा बोळा एवढ्यावर काम भागायचं. आमची न्हाणीतली भाण, म्हणजे तांब्याचं मोठं भांडं, मात्र बिनकल्हईची. तिच्यात तापायचं ते नुसतं पाणी.

ॲल्युमिनियमचा हा हावरेपणा मला चवथीला उपयोगी पडतो. चांदीची निरांजनं काळी पडतात ती गंधकामुळे. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर निरांजनं, मग कढत पाणी, सोडा, मीठ. फॉइल चांदीकडचं गंधक सोडवून घेते. सडक्या अंड्याचा वास आला की समजायचं, काम चाललंय. पावडरीने घासली तर काळ्या थराबरोबर चांदीही जाते. इथे ती परत भांड्यावरच बसते, म्हणून मला हा उपाय जास्त पटतो.

टोप टाकला नाही. पावसाच्या तोंडावर त्यात ओवा लावला. पाणी जायला भोकं पाडावी लागली नाहीत.